जठराचा घुमट : स्लीव्ह, बायपास आणि पित्ताचा इतिहास

१/ आजचा थ्रेड किल्ल्यांवर, बखरींवर किंवा पेशवाईवर नाही. विषय शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आहे. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे आणि त्या व्यक्तीला आधीपासूनच ॲसिडिटीचा जुना त्रास आहे. अशा वेळी 'स्लीव्ह' करावी की 'बायपास'? उत्तर देणे डॉक्टरांचे काम आहे आणि मी डॉक्टर नाही. परंतु हा पेच मुळात उभा का राहिला, हे सांगणे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

२/ निमित्त घरातले. माझ्या आत्याला वजन आणि मधुमेह यांमुळे शस्त्रक्रिया सुचवण्यात आली. गेली अनेक वर्षे ती सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेते आणि रात्री दोन उशा घेऊन झोपते, कारण आडवे होताच आंबट पाणी घशाशी येते. पहिल्या भेटीत तिला स्लीव्ह सुचवली गेली; गोळीबद्दल कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. नंतर तिने मला फोन केला : "तू एवढी जुनी कागदपत्रे वाचत असतेस, तर माझ्यासाठीही थोडे वाच." ते वाचन म्हणजे हा थ्रेड.

३/ आधी एका शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत 'पित्त' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. छातीत जळजळले की पित्त, डोके दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आयुर्वेदात पित्त हा दोष आहे. माधवनिदानात 'अम्लपित्त' या व्याधीला स्वतंत्र प्रकरण आहे. आधुनिक वैद्यकात मात्र दोन द्रव वेगळे मोजावे लागतात. जठरात तयार होते ते आम्ल. यकृतात तयार होऊन लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरतो तो पित्तरस. दोन्ही उलटे वर आले तर अन्ननलिका भाजतात. पुढची सगळी कथा या दोन द्रवांची आहे, म्हणून हा भेद लक्षात ठेवावा.

४/ आता जठराची रचना. पाणक्याची पखाल डोळ्यांसमोर आणा. अन्ननलिका या पखालीत अगदी वरून, सरळ उतरत नाही. ती एका बाजूने तिरकी शिरते आणि जठराचा एक भाग तिच्या डावीकडे तिच्याही वर घुमटासारखा फुगलेला राहतो. या घुमटाला 'फंडस' म्हणतात. जेवणानंतर घुमट भरतो, तेव्हा तो अन्ननलिकेच्या तोंडाला बाजूने दाबतो आणि तिरक्या कोनामुळे तिथे झडप तयार होते. याशिवाय अन्ननलिकेच्या टोकाचा स्नायू आणि भोवतीचे श्वासपटल यांचाही आवळ असतो. श्वासपटलातील छिद्र सैल होऊन जठराचा वरचा भाग छातीकडे सरकला, की त्याला हायटस हर्निया म्हणतात.

५/ जठराला हात घालण्याचे धैर्य शल्यवैद्यकाला आले ते १८८१ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले आणि रुग्ण त्या शस्त्रक्रियेतून वाचली. पुढे जठर थेट आतड्याच्या वळशाला जोडण्याची पद्धत आली. तिच्यात पित्तरस त्या वळशातून जठरात शिरे. लोझान येथील सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात यावर तोड काढली. त्यांनी आतडे कापून त्याची इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी जोडणी केली : एका फाट्यातून अन्न येणार, दुसऱ्यातून पित्तरस आणि दोघांची भेट बरीच खाली होणार. लठ्ठपणाशी या 'वाय'चा तेव्हा काहीही संबंध नव्हता.

६/ दरम्यान छातीतल्या जळजळीला रोग म्हणून मान्यता मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. न्यूयॉर्कचे ॲशर विंकलस्टाइन यांनी १९३५ मध्ये, जठरातील आम्ल वर येऊन अन्ननलिकेला सूज येते, ही कल्पना मांडली. १९५१ मध्ये इंग्लंडमधील फिलिप ॲलिसन यांनी तिचा हायटस हर्नियाशी संबंध जोडला. याच काळातला एक गमतीचा प्रसंग : लंडनचे नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये अन्ननलिकेतील विचित्र अस्तराचे वर्णन केले, परंतु तो भाग म्हणजे वर ओढले गेलेले जठरच आहे, असे त्यांचे मत होते. ॲलिसन आणि जॉनस्टन यांनी १९५३ मध्ये ते खोडून काढले. बॅरेट यांनी पुढे आपली चूक मान्य केली. तरीही ज्या अवस्थेबद्दल त्यांचा अंदाज चुकला, तिलाच आज 'बॅरेट्स' म्हणतात. वर्षानुवर्षे आम्ल सोसून अन्ननलिकेचे अस्तर बदलते ती ही अवस्था. तिच्यात कर्करोगाचा धोका वाढतो.

७/ आता या कथेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा माणूस. रुडॉल्फ निस्सेन. बर्लिनमध्ये नाव कमावलेला हा ज्यू शल्यविशारद १९३३ मध्ये नाझी सत्तेमुळे जर्मनी सोडून इस्तंबूलला गेला. तिथे १९३० च्या दशकात त्याने एका तरुणाच्या अन्ननलिकेचे खालचे टोक काढून ती जठराला जोडली. सांधा फुटू नये म्हणून त्याने जठराच्या भिंतीच्या घड्या त्या सांध्याभोवती गुंडाळल्या. हेतू एवढाच. पुष्कळ वर्षांनी त्याला कळले, की त्या रुग्णाला जळजळीचा त्रास झालाच नाही.

८/ मधल्या काळात निस्सेन अमेरिकेत होता. १९४८ मध्ये त्याने आइन्स्टाइनच्या पोटातील फुगलेल्या महारोहिणीला सेलोफेन गुंडाळले. त्यावर आइन्स्टाइन आणखी सहा वर्षांहून अधिक काळ जगला. हा माणूस गुंडाळण्याच्या कलेत पारंगत होता म्हणायचा! १९५२ मध्ये तो स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आला. इस्तंबूलची आठवण धरून १९५५ मध्ये त्याने केवळ आम्ल वर येण्याच्या त्रासासाठी जठराचा घुमट अन्ननलिकेच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळला आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. हीच 'फंडोप्लिकेशन'. म्हणजे १९५६ पासून छापील स्वरूपात हे उपलब्ध होते, की घुमट हा अन्ननलिकेचा राखणदार आहे आणि झडप बिघडली तर ती दुरुस्त करायचे कापडही तोच आहे.

९/ त्याच दशकात अमेरिकेत दुसरीच वाट फुटत होती. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात क्रेमन आणि लिनर यांच्या चमूने आतड्याचा मोठा भाग वगळून वजन घटवण्याचा मार्ग दाखवला. या पद्धतीत जठराला हातच लावत नसत. वजन भराभर उतरे, पण जुलाब, मूतखडे आणि काहींत यकृत निकामी होणे ही किंमत मोजावी लागे. अखेर ती शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली.

१०/ आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी वेगळे निरीक्षण केले. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन कमी राहते. मग लठ्ठपणासाठी हेच करावे, पण जठर काढून न टाकता नुसते वगळावे. १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्याच्या वळशाला जोडला. वळसा म्हटल्यावर पुढचे तुमच्या लक्षात आले असेल. पित्तरस त्या कप्प्यात आणि तिथून अन्ननलिकेत येऊ लागला.

११/ उत्तर ऐंशी वर्षांपासून लोझानमध्ये पडून होते. १९७७ मध्ये केंटकीच्या वॉर्ड ग्रिफेन यांनी मेसन यांच्या बायपासला रू यांचा 'वाय' जोडला. आज ज्याला सरसकट 'बायपास' म्हणतात तो हाच. त्यात आम्ल आणि पित्तरस दोन्ही अडतात. वरचा कप्पा इतका लहान, की आम्ल तयार करणाऱ्या पेशी त्यात थोड्याच उरतात. मोठ्या, वगळलेल्या जठराचे आम्ल खालीच वाहून जाते. आणि पित्तरस लांब फाट्यामुळे वर पोहोचत नाही. वजन घटवण्यासाठी केलेली ही रचना जळजळीवरची उत्तम शस्त्रक्रिया ठरली.

१२/ मेसन मात्र बायपासवर समाधानी नव्हते. आतड्याची जोडणीच नको, म्हणून १९८० मध्ये त्यांनी जठराला उभे टाके घालून एक अरुंद नळी केली आणि तिच्या खालच्या तोंडाला पट्टा आवळला. सोपे, सुटसुटीत. परंतु अरुंद नळी आणि खाली अडसर असला की दाब वर चढतो. पुढच्या काळात उलट्या व जळजळीमुळे अशा कित्येक रुग्णांना पुन्हा टेबलावर घेऊन बायपास करावा लागला. जठराची अरुंद नळी केल्यास काय होते, याची तालीम एकदा होऊन गेली होती. ती विसरली गेली, असे मला वाटते.

१३/ आता स्लीव्हचा जन्म. तो आडवाटेने झाला. जेनोआच्या निकोला स्कोपिनारो यांनी १९७० च्या दशकात जठराचा खालचा भाग काढून आतड्याचा मोठा टप्पा वगळणारी शस्त्रक्रिया आणली होती. इकडे अमेरिकेत टॉम डीमीस्टर यांनी १९८७ मध्ये, जठरात उलटा येणारा पित्तरस थांबवण्यासाठी, आतड्याच्या सुरुवातीचीच वाट बदलणारी 'ड्युओडिनल स्विच' प्रसिद्ध केली. ओहायोच्या डग्लस हेस यांनी १९८८ मध्ये या दोहोंची सांगड घातली : जठराचे खालचे दार शाबूत ठेवायचे आणि आकार कमी करायला जठर उभे कापून बाहीसारखी नळी ठेवायची. बाही म्हणजेच स्लीव्ह. या उभ्या कापात घुमट पूर्णपणे निघून जातो. पित्तरसाचा प्रश्न सोडवण्यासाठी जन्मलेल्या शस्त्रक्रियेच्या पोटी आम्लाचा प्रश्न आला तो असा.

१४/ तरीही स्लीव्ह अजून एका मोठ्या शस्त्रक्रियेचा तुकडा होती. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला मिशेल गान्ये यांनी ती संपूर्ण शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. परंतु अतिशय जास्त वजनाच्या रुग्णांना एवढी दीर्घ शस्त्रक्रिया झेपेना. म्हणून दोन टप्पे ठरले : आधी फक्त स्लीव्ह, वजन उतरल्यावर काही महिन्यांनी आतड्याचे काम. घडले असे, की पहिल्या टप्प्यानंतरच काही रुग्णांचे वजन पुरेसे उतरले आणि दुसरा टप्पा त्यांना नकोसा झाला. पायरी म्हणून बांधलेली गोष्ट मुक्कामाचे ठिकाण झाली.

१५/ प्रसार झपाट्याने झाला, आणि त्याची कारणे समजण्यासारखी होती. आतड्याची जोडणी नाही, वेळ कमी, जीवनसत्त्वांची तूट तुलनेने कमी. त्यात १९९९ मध्येच जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी भूक चेतवणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक शोधले, आणि ते प्रामुख्याने जठराच्या घुमटात तयार होते असे दिसले. घुमट काढण्याला आता शास्त्रीय आधारही मिळाला : भुकेचा कारखानाच उखडायचा! २०१३ च्या सुमारास अमेरिकेत स्लीव्हने बायपासला मागे टाकले. तोच घुमट आम्लाचा राखणदारही आहे, हे निस्सेनच्या वारसदारांना ठाऊक होते. पण जळजळीची शस्त्रक्रिया करणारे आणि लठ्ठपणाची करणारे यांचे वर्तुळ बहुतेक वेळा वेगळे असे.

१६/ आणखी एक कारण माझ्या अंदाजाने औषधाच्या दुकानात आहे. १९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले, आणि पाठोपाठ त्याच कुळातील इतर गोळ्या. जळजळ हा सकाळच्या एका गोळीचा विषय झाला. ज्या तक्रारीला गोळी आहे, तिला शस्त्रक्रियेच्या निवडीत कोण वजन देणार? माझी आत्याही डॉक्टरांना गोळीबद्दल बोलली नाही, कारण तिच्या लेखी तो आजार नव्हताच.

१७/ स्लीव्हनंतर नेमके काय बिघडते? घुमट गेल्याने झडपेचा कोन पसरट होतो. पखालीची नळी होते. नळी फुगत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. खालचे दार शाबूत असल्याने तो दाब खाली मोकळा होत नाही. मध्येच नळी जास्त आवळली गेली किंवा वर हर्निया राहून गेला, तर आणखीच अवघड. दुसऱ्या बाजूने, वजन उतरल्यामुळे पोटाचा दाब कमी होतो, म्हणून काहींची जळजळ थांबतेही. या दोन विरुद्ध ओढींमुळे कित्येक वर्षे निरनिराळे अहवाल परस्परविरोधी निष्कर्ष देत राहिले.

१८/ निवाडा करायला चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी करणाऱ्या चाचण्या लागतात. २०१८ मध्ये अशा दोन चाचण्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. फिनलंडची २४० रुग्णांची आणि स्वित्झर्लंडची २१७ रुग्णांची. स्विस चाचणीचे प्रमुख राल्फ पेटर्ली हे बाझेलचे; निस्सेनचे तेच गाव. आधीपासून आम्लाचा त्रास असलेल्यांपैकी बायपासनंतर ६०.४ टक्के लोकांचा त्रास गेला, स्लीव्हनंतर २५ टक्क्यांचा. त्रास वाढला तो बायपासनंतर ६.३ टक्क्यांचा, स्लीव्हनंतर ३१.८ टक्क्यांचा. वजन घटण्यात मात्र दोन्हींमध्ये ठोस म्हणावा असा फरक या चाचणीत दिसला नाही. आत्याच्या प्रश्नाला इतके सरळ उत्तर मला दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडले नाही.

१९/ २०१७ मध्ये रोममधील एका अभ्यासाने खळबळ उडवली होती : स्लीव्ह झालेल्या ११० जणांची सुमारे पाच वर्षांनी दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा १७.२ टक्क्यांमध्ये नव्याने बॅरेट्स आढळले. फिनलंडच्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हा ही भीती बरीच निवळली. बॅरेट्स दोन्ही गटांत सारखेच, ४ टक्के. अन्ननलिकेची सूज मात्र स्लीव्हनंतर ३१ टक्के आणि बायपासनंतर ७ टक्के. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची गोष्ट आहे ही : एका साधनावर निष्कर्ष काढू नये, पण एक अतिशयोक्त ठरले म्हणून सगळेच फेटाळूही नये.

२०/ बायपासची भलामण करणे हा हेतू नाही. सांध्यावर अल्सर होतो, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आणि वेदनाशामक गोळ्या सतत घेणाऱ्यांत. आतड्याच्या फाट्यांमधील फटीत आतडे अडकून कित्येक वर्षांनीही तातडीची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि चक्कर येऊ शकते. लोह, कॅल्शियम, ब-१२ आयुष्यभर. वगळलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही. त्याच स्विस चाचणीत पुन्हा शस्त्रक्रिया किंवा उपचार करावे लागण्याचे प्रमाण बायपासमध्ये २२.१ टक्के होते, स्लीव्हमध्ये १५.८. ज्याला जळजळ नाही, त्याने स्लीव्ह निवडणे म्हणूनच गैर म्हणता येणार नाही.

२१/ आपल्याकडे तिसरा पर्यायही पुष्कळ सुचवला जातो : 'मिनी बायपास'. अमेरिकेच्या रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत लांबट कप्पा एकाच सांध्याने आतड्याच्या वळशाला जोडतात. होय, वळसा परत आला. कप्पा लांब असल्याने पित्तरस अन्ननलिकेपर्यंत सहसा पोहोचत नाही, असे समर्थक म्हणतात, आणि १९६६ च्या आखूड कप्प्यापेक्षा ही रचना निश्चितच वेगळी आहे. तरीही पित्तरसाचा मुद्दा अजून वादाचा आहे. त्यामुळे कोणी नुसते 'बायपास' म्हटले, तर 'कोणता?' असे विचारावे.

२२/ आणि घुमट? स्लीव्हनंतर जळजळ असह्य झाली तर निस्सेनची शस्त्रक्रिया करता येत नाही, कारण गुंडाळायचे कापडच कापून टाकलेले असते. अशा वेळी बहुधा स्लीव्हचे रूपांतर 'वाय' बायपासमध्ये करतात. फ्रान्समधील काही शल्यविशारदांनी अलीकडे घुमटाचा तुकडा मुद्दाम राखून, तो अन्ननलिकेभोवती गुंडाळून मग उरलेल्या जठराची स्लीव्ह करायला सुरुवात केली आहे. या प्रयोगाचे नाव 'निस्सेन-स्लीव्ह'.

२३/ आत्यासाठी मी चार प्रश्न लिहून दिले. शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीची तपासणी होणार का? अन्ननलिकेला सूज असेल तर ती कोणत्या श्रेणीची? हायटस हर्निया किंवा बॅरेट्स आहे का? आणि गोळी बंद ठेवून आम्ल मोजण्याची तपासणी करायची गरज आहे का? तीव्र सूज किंवा बॅरेट्स आढळल्यास बहुतेक शल्यविशारद 'वाय' बायपासकडे वळतात. त्रास सौम्य असेल तर निर्णय मधुमेह, इतर औषधे आणि रुग्णाची पसंती पाहून होतो. तिने गोळ्यांची रिकामी पाकिटेही पिशवीत घालून नेली. दुर्बिणीत हर्निया आणि अन्ननलिकेची बऱ्यापैकी सूज दिसली. डॉक्टरांनी स्वतःहूनच आधीचा सल्ला बदलला. तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. तोवर दोन उशा आहेतच.

(समाप्त)